स्वसंमोहन आणि स्वयंसूचना

दुसऱ्या कोणाच्या मदतीवाचून स्वतःला संमोहनावस्थेत नेणे म्हणजे स्वसंमोहन. त्या शिथिल, एकाग्र अवस्थेत आधी ठरवलेले वाक्य मनाला देणे म्हणजे स्वयंसूचना. ही झोप नव्हे, बेशुद्धी तर नव्हेच. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झालेली ऐकू येते, दुसरी की तिसरी हेही कळते; फक्त उठण्याची घाई वाटत नाही. म्हणून गॅसवर काही ठेवून सरावाला बसू नये.

मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी डोळ्यांच्या किंचित वर धरलेल्या चकचकीत वस्तूवर नजर खिळवण्याची रीत रूढ केली आणि 1843 साली ‘हिप्नॉटिझम’वर ग्रंथ लिहिला. फ्रान्समधील औषधविक्रेते एमिल कूए (1857–1926) यांनी सूचनेचा भार रुग्णावरच टाकला: ‘दिवसेंदिवस, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होत आहे’ अशा अर्थाचे एकच वाक्य, उठताना आणि निजताना, वीस गाठींच्या दोरीवर मोजत वीस वेळा पुटपुटायचे. आपल्याकडच्या जपमाळेची आठवण व्हावी असाच हा प्रकार. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली की कल्पनाच जिंकते, असे त्यांचे म्हणणे होते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ योहानेस शुल्ट्झ यांनी 1932 साली अंगात जडपणा आणि ऊब जाणवणे, मग हृदय, श्वास, पोट आणि कपाळ यांकडे लक्ष नेणे अशा सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. आजचे बहुतेक वर्ग यांचेच मिश्रण शिकवतात.

कल्पनेने शरीर हलते याचा पडताळा घरी घेता येतो. वीतभर दोऱ्याला जड बटण बांधावे, कोपर टेबलावर टेकवावे, दोरा चिमटीत धरून बटण लोंबकळू द्यावे आणि ते डावी-उजवीकडे झुलते आहे अशी नुसती कल्पना करावी. हात स्थिर ठेवला तरी थोड्याच वेळात ते बहुधा झुलू लागते. बोटांच्या न जाणवणाऱ्या हालचालींचा हा परिणाम. लंबक फिरवून ‘उत्तरे’ देणाऱ्यांचे भांडवलही तेवढेच असते.

सरावाला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पाठीला आधार देऊन बसावे. आडवे झाल्यास दमलेला माणूस झोपतोच. समोरच्या भिंतीवर नजरेच्या थोडा वर एखादा ठिपका निवडून पापण्या जड होईपर्यंत पाहावे, मग डोळे मिटावेत. सवयीच्या हातापासून सुरुवात करून ‘उजवा हात जड होतो आहे’ हे सहा वेळा, मधे एकदा ‘मी शांत आहे’, मग दुसरा हात, पाय. दहापासून एकपर्यंत उलटे मोजत जिन्याची एकेक पायरी उतरल्याची कल्पना करावी. तळाशी पोचल्यावर ठरवलेली सूचना तीन ते पाच वेळा सावकाश द्यावी आणि ती खरी झाल्याचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. परतताना मुठी आवळून हात कोपरात दोन-तीनदा जोराने वाकवावेत, खोल श्वास घ्यावा आणि मगच डोळे उघडावेत. हे परतणे टाळले की काही वेळ सुस्ती किंवा गरगर राहू शकते.  रात्री झोपण्यासाठी सराव केला असेल तर मात्र परतायचे नसते.

सारे अवलंबून असते वाक्यावर. इथे मराठीची घडण उपयोगी पडते. आपल्याला झोप ‘लागते’, ताण ‘उतरतो’, हात जड ‘होतो’. करणारा कोणी नसतोच. ‘मी हात जड करतो’ म्हटले की स्नायू कामाला लागतात आणि हात ताठरतो. ‘मला झोपायलाच पाहिजे’ हे वाक्य झोप उडवण्याचा हमखास उपाय आहे. त्याऐवजी ‘अंग सैल होत आहे, झोप आपोआप येत आहे’. ‘मी घाबरणार नाही’ यात मनापुढे उभी राहते ती भीतीच. ‘तोंडी परीक्षेला माझा आवाज संथ येतो’ हे चालते. न पटणारी फुशारकी उलटते. कॅनडात जोअॅन वुड व सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आत्मसन्मान कमी असलेल्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे घोकल्यावर उलट अधिक वाईट वाटले. एका वेळी एकच सूचना घ्यावी, ती तीन-चार आठवडे बदलू नये.

मुंबईत तक्रार असते ती जागेची आणि गोंगाटाची. दहा बाय दहाच्या खोलीत शांतता मिळत नाही, पण ती लागतेही कुठे? 1918 साली वर्सोव्याला सुरू झालेल्या आणि आता सांताक्रूझला असलेल्या योग इन्स्टिट्यूटमध्ये ‘निष्पंदभाव’ शिकवतात: भिंतीला टेकून, पाय पसरून, डोळे मिटून एखादा दूरचा आवाज नुसता ऐकत राहायचे. पंख्याची घरघर त्याला पुरेशी आहे. ‘प्रत्येक आवाजासरशी मी आणखी सैलावतो’ ही सूचना जोडली की पाववाल्याची घंटाही कामाला येते. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर श्वास मोजण्यापुरतेच थांबावे. दारात किंवा उभ्याने मुळीच नको. गाडी चालवतानाही नको, रेकॉर्ड केलेल्या सूचना कानात घालूनही नाही.

पहिल्या आठवड्यात हातपाय किंचित उडतात, डोळ्यांत पाणी येते. त्यात काळजीचे काही नाही. काहींना मात्र सैलावतानाच धडधड वाढल्यासारखे वाटते. त्यांनी डोळे उघडे ठेवून पाच मिनिटांचाच सराव करावा आणि शुल्ट्झ यांच्या पद्धतीतली हृदयाची पायरी गाळावी. चिंता, वेदना आणि आतड्यांच्या चिडचिड्या विकारात (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) संमोहनाचा उपयोग होत असल्याचे पुरावे बरे आहेत; सिगारेट सोडण्याबाबत ते कच्चे आहेत. संमोहनक्षमता प्रत्येकात सारखी नसते. हरवलेल्या आठवणी किंवा ‘पूर्वजन्म’ शोधायला ही पद्धत वापरू नये. या अवस्थेत कल्पना आठवणीइतकीच खरी वाटते. भास-संभ्रम होणाऱ्यांनी आणि अपस्मार असणाऱ्यांनी मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. निदान न झालेले छातीतले दुखणे सूचनेने दाबू नये. आधी ईसीजी काढून घ्यावा.