गिरणी आणि यंत्रमाग: नवं तंत्र शहरात आणि गावाकडं

कारखान्यात नवं मशीन कधी येतं, कुणाच्या पैशानं येतं, हे शहरात वेगळं आणि गावाकडं वेगळं. महाराष्ट्रात हे बघायचं तर मुंबईच्या कापड गिरण्या आणि इचलकरंजीचे यंत्रमाग शेजारी ठेवून बघावेत.

मुंबईत पहिली गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ ला काढली. पुढं मोठ्या गिरण्यांत सूत ते कापड सगळं एकाच आवारात, त्यामुळं मशीन बदलायचं म्हणजे अख्खं खातं बदलायचं, वर मालकांची मंजुरी आणि युनियनशी बोलणी. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ ला विठ्ठलराव दातारांनी बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचा पाठिंबा होता. (२०२२ ला महानगरपालिका झालीय, आता गावाकडं म्हटलेलं तिथल्यांना चालेल का माहीत नाही.) इथं माग एकेक करत वाढले, आधी चार, मग सहा, मग भावांच्या वाटणीत परत तीन. सूत व्यापाऱ्याचं, माग आपला, मजुरी पिकावर (पिक म्हणजे कापडात टाकलेला एक आडवा धागा), असं दुसऱ्याचं कापड विणून देणारे ते खर्चीवाले.

१९५६ ला सरकारनं गिरण्यांचे माग वाढवण्यावर बंधनं आणली, हेतू हातमाग वाचवायचा, फावलं मात्र यंत्रमागाचं. गिरण्यांनी काढलेले जुने माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला आले, आणि शहरात जे भंगार ते इथं नवं तंत्रज्ञान! १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर तर कापडाचं कामच इकडं सरकलं.

साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे पिक टाकतो. कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) संपली की कामगार माग थांबवतो, ती कांडी घेऊन इकडून तिकडं पळणारा धोटा काढतो, भरलेली कांडी घालून परत चालू करतो. बिघडला तर गल्लीतला मेस्त्री पिकर (धोट्याला ठोकर देणारा भाग) बदलून देतो, तुटलेला पार्ट फौंड्रीतून ओतून आणता येतो. म्हणून तर तो इतकी वर्षं टिकला. एअरजेट म्हणजे हवेच्या झोतानं धागा फेकणारा नवा माग, त्याला धोटाच नाही, वेग सहाशेच्या वर, पण त्याला कॉम्प्रेसर पाहिजे, एकसारखं सूत पाहिजे, वीज स्थिर पाहिजे, आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड उडालं की मेस्त्रीचा पाना काही कामाचा नाही.

१ एप्रिल १९९९ पासून केंद्राच्या टफ योजनेत (नवी यंत्रं घ्यायला मदत करणारी) कर्जाच्या व्याजात ५ टक्के सवलत मिळायला लागली. पण आधी कर्ज तर मिळायला पाहिजे ना, ज्याच्याकडं तारण त्यानं रॅपियर (हेही बिनधोट्याचे वेगवान माग) आणले, काहींनी परदेशातले सेकंडहँड, आणि खर्चीवाला साध्या मागावरच राहिला. आता एकाच गल्लीत दोन्ही चालतात, फक्त साध्या मागाला खपणारं सायझिंग (ताण्याला म्हणजे उभ्या धाग्यांना दिलेली खळ) ऑटोच्या, म्हणजे या नव्या मागांच्या वेगाला टिकत नाही, तिथं ताणा सारखा तुटतो, म्हणून ऑटोवाले बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) वेगळं, चांगलं सायझिंग करून आणतात.