पाव थेंब डिझेल आणि चोरून शिरलेली हवा

खाडीत बांधलेल्या नौकेचं इंजिन तासभर एका लयीत चालतं. खाडीच्या तोंडाशी लाटा लागल्या की मात्र त्याची लय बिघडते. आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. रेस वाढवली की जरा सावरतं, सोडली की बंद पडतं. पावसाळी मासेमारीबंदी संपून पहिल्या फेरीला निघालेल्या तांडेलासाठी हा जिवाचा प्रश्न असतो, कारण तिथे वाळूचा दांडा जवळ असतो आणि नौका वळवायला जागा कमी. संशय लगेच डिझेल पंपावर जातो. माझा आग्रह आहे की पंप खोलण्याआधी टाकीपासून पंपापर्यंतची नळी तपासावी.

कारण हिशेबातच दिसतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ७०० फेरे घेत मंद चालतंय आणि तासाला साधारण एक लिटर डिझेल पितंय असं धरू. दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एक फवारा, म्हणजे तासाला ८४,००० फवारे. एका फवाऱ्याच्या वाट्याला आलं जेमतेम १२ घन मिलिमीटर डिझेल. ड्रॉपरमधून पडणाऱ्या औषधाच्या थेंबाचा हा साधारण पाव भाग.

एवढ्याशा डिझेलमध्ये हवेचा बुडबुडा शिरला तर काय होईल? जुन्या धाटणीच्या इंजिनात सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल उघडायला वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे पंपाच्या दट्ट्याने रेटलं की दाब तत्काळ नोझलपर्यंत पोहोचतो. हवा मात्र दबते. दट्ट्याची सगळी धाव बुडबुडा चेपण्यात जाते, नोझल उघडतच नाही आणि तो फवारा हुकतो. फेरे घटले की गव्हर्नर, म्हणजे इंजिनाची गती सांभाळणारा भाग, जास्त डिझेल सोडतो, तेवढ्यात बुडबुडा निघून जातो आणि इंजिन उसळतं. मग गव्हर्नर डिझेल कमी करतो. ही चढउतार म्हणजेच मेकॅनिक ज्याला ‘हंटिंग’ म्हणतात ती.

ही हवा येते कुठून, हे कळणं सगळ्यात अवघड. टाकी पंपापेक्षा खाली असेल तर पंप डिझेल ओढून घेतो, आणि ओढणाऱ्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे ढिल्या क्लिपमधून, तडकलेल्या रबरी नळीतून किंवा पुन्हा वापरलेल्या तांब्याच्या वायसरमधून डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. सगळं कोरडं ठणठणीत दिसतं, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. टाकीत डिझेल कमी असेल तर नौका डोलताना ओढनळीचं तोंडही क्षणभर उघडं पडतं.

फिल्टर तुंबल्याची खूण वेगळी. मंद चालीला थोडं डिझेल पुरतं, म्हणून इंजिन शांत चालतं. भार दिला की दम तोडतं. टाकीची श्वासनळी बुजली असेल तर इंजिन बराच वेळ नीट चालून मग मरतं, आणि टाकीचं झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज येतो.

फिल्टर तुंबायला बंदीचे महिनेच कारणीभूत ठरतात. अर्धी रिकामी टाकी दिवसरात्र दमट हवा घेते, तिचं पाणी होतं आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढतात. तो बुळबुळीत गाळ धक्क्यावर निवांत असतो, पहिल्या लाटांनी ढवळला जातो आणि फिल्टरवर येऊन बसतो. नौका वर ओढण्याआधी टाकी भरून ठेवली, तर त्यात दमट हवेला जागाच उरत नाही.

हवा काढताना फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप चालवा आणि फेस थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका, ते डिझेल कातडीत घुसतं. कॉमन रेल इंजिनाच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळणाऱ्या इंजिनाच्या, उच्च दाबाच्या नळ्या तर सैलच करू नका.

शेवटची परीक्षा धक्क्यावरच करा. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा थोडा उंच ठेवा, परतीची नळी त्यातच सोडा आणि नव्या पारदर्शक नळीने त्यातूनच इंजिनाला डिझेल द्या. नळीतून सरकणारे बुडबुडे डोळ्यांना दिसतात. इंजिन लयीत आलं तर दोष टाकी आणि पंपाच्या मध्ये आहे. नाही आलं, तर मग पंप आणि नोझल खोला.