चहातले ईजीसीजी आणि आतड्याच्या पेशी : पार्श्वभूमी

चहाच्या तुरटपणामागच्या रसायनांचा माग जपानमध्ये लागला. रिकेन संस्थेत मिचियो त्सुजिमुरा यांनी 1929 मध्ये हिरव्या चहातून कॅटेचिन हे तुरट रसायन वेगळे काढले. त्याच गटातले एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, म्हणजे ईजीसीजी, हिरव्या पानात सर्वाधिक असते. काळा चहा बनताना पानातल्या एन्झाइममुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते, म्हणून तिथे ते फार थोडे उरते.

आतड्याशी त्याचा संबंध जुळायला पेशींचा भरवशाचा नमुना लागला. मानवी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून मिळालेल्या काको-2 पेशी सच्छिद्र पडद्यावर सुमारे 21 दिवस वाढवल्या की लहान आतड्याच्या अस्तरासारखा एकथरी पापुद्रा तयार होतो. त्याच्या आरपार विद्युतरोध मोजतात. रोध घसरला, तर पेशींमधले घट्ट सांधे सैल झाले असे समजायचे. 2004 मध्ये टी84 या आतड्याच्याच पेशींवर दिसले, की इंटरफेरॉन-गॅमा या दाहाच्या संदेश-प्रथिनामुळे होणारी सांध्यांची ही पडझड ईजीसीजी रोखते. इंटरल्युकिन-4 या दुसऱ्या संदेश-प्रथिनामुळे होणारी मात्र रोखत नाही. म्हणजे हे सरसकट कवच नव्हे. हानीचा मार्ग कोणता, यावर सगळे ठरते.

फसगत होते ती पेशी वाढवण्याच्या बशीत. पेशींच्या पोषकद्रवात ईजीसीजी स्वतःच ऑक्सिडाइझ होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि तेही पेशींवर परिणाम करते. 2000 साली हे स्पष्टपणे मांडले गेले, आणि ‘ईजीसीजीचा परिणाम’ म्हणून नोंदलेल्या अनेक निष्कर्षांबद्दल शंका उभी राहिली. त्यामुळे कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारे एन्झाइम) घातलेली, तुलनेसाठीची नियंत्रण-बशी नसलेला प्रयोग आम्ही पुरावा मानत नाही.

दुसरा आक्षेप मात्रेचा. प्रयोगांत 10 ते 100 मायक्रोमोलर (द्रवातल्या प्रमाणाचे एकक) ईजीसीजी वापरतात, तर एक-दोन कप चहानंतर रक्तात सहसा 1 मायक्रोमोलरही नसते. यकृतापर्यंत ते रक्तातूनच पोचते, म्हणून तिथे हा आक्षेप बिनतोड आहे. आतड्याला मात्र तो तसाच लावता येत नाही, कारण त्याच्या पेशी चहाला थेट भिडतात. 250 मिलिलिटर हिरव्या चहात 100 मिलिग्रॅम ईजीसीजी धरले, तर कपात सुमारे 870 मायक्रोमोलर होते. पाचकरसात ते पातळ होते, काही नष्टही होते, तरी रक्तापेक्षा कितीतरी जास्त उरते.

माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. 2013 मध्ये व्रणयुक्त बृहदांत्रदाहाच्या (मोठ्या आतड्याला सूज व व्रण येणारा आजार) 19 रुग्णांवरील 56 दिवसांच्या चाचणीत हिरव्या चहाचा अर्क घेणाऱ्या 15 पैकी 10 जणांना उतार पडला, प्लासिबोवरच्या (औषध नसलेल्या नकली गोळीवरच्या) चौघांपैकी कोणालाही नाही. तिथे रोजची मात्रा 400 किंवा 800 मिलिग्रॅम ईजीसीजी होती. पूरक गोळ्यांतून रोज 800 मिलिग्रॅम वा अधिक ईजीसीजी घेतल्यास रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसते, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये नोंदवले.