बंडलर प्लगिन, टाइपस्क्रिप्टसाठीचे

बंडलर प्लगिन, टाइपस्क्रिप्टसाठीचे : टाइप (चलात किंवा फंक्शनात कोणत्या प्रकारचे मूल्य येईल याची नोंद) लिहिलेल्या जावास्क्रिप्टचे साध्या जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करून ती बंडलरच्या स्वाधीन करणारा जोडघटक. बंडलर म्हणजे अनेक फाइलींत विखुरलेला प्रोग्राम, त्यातील आयात-निर्यातीचा माग काढत, एका किंवा मोजक्या फाइलींत बांधून देणारे साधन. जुन्या बंडलरांना मुळात जावास्क्रिप्ट तेवढी कळते. चलाच्या नावापुढे अपूर्णविराम (:) आणि टाइप दिसला की त्यांचा पार्सर तिथेच थांबतो. ही अडचण दूर करणे हे प्लगिनचे किमान काम. टाइपांची तपासणीही त्यानेच करावी की नाही, याविषयी मात्र एकमत नाही. मांडणीतले बहुतेक पर्याय या एका मतभेदातून निघालेले आहेत.

उगम : टाइपयुक्त जावास्क्रिप्टची सुरुवात कोठे धरावी याबद्दल तीन मते आढळतात. पहिले मत ती एक्मास्क्रिप्टच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या मानकाच्या, चौथ्या आवृत्तीपर्यंत मागे नेते. त्या मसुद्यात टाइप होते, आणि २००६ च्या सुमारास आलेल्या ॲक्शनस्क्रिप्ट ३ या भाषेने त्यातील बराच भाग उचलला होता. परंतु २००८ मध्ये मानक समितीने तो मसुदा सोडून दिला, त्यामुळे ब्राउझरच्या जावास्क्रिप्टशी या धाग्याचा थेट संबंध पुढे राहिला नाही. दुसरे मत गूगलच्या क्लोजर कंपायलरला मान देते. त्यात टाइप हे जेएसडॉक पद्धतीच्या टिप्पणीत लिहिले जात, म्हणजे फाइल न बदलताही ब्राउझरमध्ये चाले. नोव्हेंबर २००९ ही त्याच्या सार्वजनिक प्रकाशनाची तारीख आहे. गूगलच्या अंतर्गत वापरात तो त्याआधीपासून होता. तिसरे मत १ ऑक्टोबर २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या टाइपस्क्रिप्टपासून मोजणी करते. ॲन्डर्स हेल्सबर्ग हे तिचे मुख्य रचनाकार.

भाषेच्या इतिहासासाठी पहिली दोन मते उपयोगी असली, तरी प्लगिनच्या इतिहासासाठी तिसरे अधिक सयुक्तिक दिसते. क्लोजर कंपायलर तपासणी, आकुंचन आणि जुळणी ही तिन्ही कामे स्वतःच करीत असे. बंडलर आणि कंपायलर एकच असल्यावर दोघांना जोडणारा दुवा लागण्याचे कारण नव्हते. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर याउलट फाइलीस फाइल देत असे आणि त्या एकत्र बांधण्याचे काम इतरांवर सोपवीत असे. २०११ मध्ये ब्राउझरिफाय आणि २०१२ मध्ये वेबपॅक या बंडलरांची सुरुवात झालेली होती, तेव्हा हा दुवा कोणीतरी लिहिणे क्रमप्राप्तच होते.

लोडर, ट्रान्सफॉर्म की प्लगिन : ही तीन नावे बोलण्यात सरमिसळ होतात, पण त्यांच्यातील भेद तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. ब्राउझरिफायमधील ट्रान्सफॉर्मला एका वेळी एकाच फाइलीचा मजकूर मिळतो. टाइपस्क्रिप्टला मात्र टाइप तपासायचे तर संपूर्ण प्रकल्प समोर लागतो, कारण एका फाइलीतला टाइप दुसऱ्या फाइलीत घोषित केलेला असतो. त्यामुळे ब्राउझरिफायसाठीचे टीसिफाय हे साधन ट्रान्सफॉर्म म्हणून न लिहिता प्लगिन म्हणून लिहिले गेले. वेबपॅकमध्ये लोडर म्हणजे मजकूर घेऊन मजकूर देणारे फंक्शन, तर प्लगिन म्हणजे संपूर्ण बांधणीच्या टप्प्यांवर कान ठेवणारा घटक. टाइपस्क्रिप्टसाठीचा टीएस-लोडर नावाने लोडर आहे. प्रत्यक्षात तो आतून वेबपॅकच्या टप्प्यांनाही जोडून घेतो आणि बांधणी संपत आल्यावर टाइपांच्या चुका एकत्र नोंदवतो. म्हणजे नाव एकाचे आणि निम्मे काम दुसऱ्याचे. रोलअप या बंडलरमध्ये ही विभागणीच नाही. तेथे सगळ्यालाच प्लगिन म्हणतात आणि नाव शोधणे, फाइल वाचणे व मजकूर बदलणे ही वेगवेगळी फंक्शने एकाच वस्तूत असतात.

वेबपॅकमधील मांडणी : मॉड्यूल-नियमांच्या यादीत टीएस आणि टीएसएक्स या विस्तारांच्या फाइलींसाठी एक नियम लिहून त्याला टीएस-लोडर जोडतात आणि बाहेरून आणलेल्या ग्रंथालयांचा नोड-मॉड्यूल्स हा फोल्डर वगळतात. एका नियमात अनेक लोडर असल्यास ते उजवीकडून डावीकडे चालतात, म्हणून बॅबेल हे जावास्क्रिप्टचे रूपांतर करणारे साधनही वापरायचे असल्यास टीएस-लोडर यादीत शेवटी येतो. आयात केलेल्या फाइली शोधताना वापरायच्या विस्तारांची यादी स्वतः लिहिली की मूळ यादी पुसली जाते. तेव्हा टीएस लिहिताना जेएस पुन्हा लिहायला विसरल्यास, स्वतःच्या कोडला हात न लागता एखाद्या ग्रंथालयातील फाइल सापडेनाशी होते आणि दोष भलतीकडे शोधला जातो. वेबपॅक ५ मध्ये तीन टिंबांची खूण देऊन मूळ यादी कायम ठेवता येते.

खरी गुंतागुंत टाइपस्क्रिप्टचे पर्याय नोंदवणाऱ्या टीएसकॉन्फिग या जेसॉन फाइलीत आहे. ही फाइल टाइपस्क्रिप्ट १.५ पासून, म्हणजे २०१५ पासून प्रचारात आली. तिचे वाचक दोन : कोड लिहिण्याचे साधन असलेला संपादक आणि प्लगिन. दोघांच्या गरजा जुळतातच असे नाही. संपादकासाठी ‘नोएमिट’ (जावास्क्रिप्ट बाहेर न काढण्याचा पर्याय) चालू ठेवणे सोयीचे, पण तेच टीएस-लोडरला मिळाले तर कंपायलरने काहीच उत्पादन दिले नाही अशी तक्रार करून बांधणी थांबते. मॉड्यूलचा प्रकार कॉमनजेएस या जुन्या पद्धतीचा ठेवल्यास आयात-निर्यातीची वाक्ये प्लगिनमध्येच विरघळतात. मग न वापरलेला भाग गाळण्याचे बंडलरचे काम जवळपास बंद पडते, म्हणून येथे ती वाक्ये तशीच ठेवणारे ईएसनेक्स्ट किंवा तत्सम मूल्य देण्याचा प्रघात आहे. मार्गांची टोपणनावे ही आणखी एक नेहमीची ठेच. टाइपस्क्रिप्ट ‘पाथ्स’मधील टोपणनाव तपासणीपुरते समजून घेते, मात्र बाहेर पडणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये ते बदलून देत नाही. त्यामुळे तेच टोपणनाव वेबपॅकच्या ‘अलायस’मध्ये दुसऱ्यांदा सांगावे लागते किंवा त्यासाठी वेगळे प्लगिन बसवावे लागते. मार्च २०२३ मधील टाइपस्क्रिप्ट ५.० मध्ये फाइली शोधण्याची ‘बंडलर’ नावाची पद्धतच आली. बंडलरांचे वागणे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडपेक्षा वेगळे असते, ही त्या पद्धतीने दिलेली कबुलीच म्हणता येईल.

तपासणी आणि रूपांतर यांची फारकत : प्रकल्प मोठा झाला की प्रत्येक बदलानंतर सर्व टाइप तपासणे जड जाते. यावर टीएस-लोडरमध्ये ‘ट्रान्सपाइलओन्ली’ हा पर्याय आहे. तो चालू केला की प्रत्येक फाइल सुटी घेऊन तिच्यातील टाइप फक्त काढून टाकले जातात, आणि तपासणीसाठी फोर्क-टीएस-चेकर हे वेगळे प्लगिन दुसऱ्या प्रक्रियेत चालवले जाते. बॅबेलनेही ऑगस्ट २०१८ च्या सातव्या आवृत्तीपासून हीच वाट धरली. त्याचा टाइपस्क्रिप्ट प्रीसेट (तयार नियमसंच) टाइप पुसतो, तपासत नाही.

फाइल सुटी घेण्याची किंमत मात्र भाषेला मोजावी लागते. एका फाइलीतून आयात केलेले नाव दुसऱ्या फाइलीने तसेच पुढे निर्यात केले, तर ते टाइपचे आहे की मूल्याचे हे त्या एका फाइलीवरून ओळखता येत नाही. टाइप असेल तर निर्यात गाळली पाहिजे, मूल्य असेल तर ठेवली पाहिजे. चूक झाल्यास तिकडे नसलेली वस्तू बंडलर शोधत बसतो. दुसऱ्या फाइलीतील कॉन्स्ट ईनम या स्थिरांकांच्या संचाचीही अडचण याच जातीची, कारण त्याचे मूल्य जागच्या जागी भरण्यासाठी मूळ फाइल उघडावी लागते. ‘आयसोलेटेडमॉड्यूल्स’ हा पर्याय अशा जागा आधीच दाखवून देतो. फेब्रुवारी २०२० मधील ३.८ आवृत्तीने टाइपची आयात वेगळ्या शब्दाने लिहिण्याची सोय केली, आणि ५.० मधील ‘व्हर्बेटिममॉड्यूलसिंटॅक्स’ने नियम अगदी सोपा केला : टाइप म्हणून चिन्हांकित केलेले जाईल, बाकीचे जसेच्या तसे राहील. नव्या प्रकल्पात हाच पर्याय धरणे इष्ट दिसते.

वर्गातील फील्डांचा प्रश्न कमी चर्चिला जातो, पण अधिक फसवा आहे. लक्ष्य जावास्क्रिप्टची ईएस२०२२ ही आवृत्ती किंवा पुढची असेल तर ‘यूझडिफाइनफॉरक्लासफील्ड्स’ हा पर्याय आपोआप चालू होतो. मग उपवर्गात केवळ टाइप सांगण्यासाठी लिहिलेले फील्ड, मूळ वर्गाने भरलेले मूल्य पुसून त्या जागी अनडिफाइन्ड ठेवते. हा पर्याय चालू असताना टाइपस्क्रिप्टची तपासणी अशा फील्डावर चूक दाखवते, पण तपासणी वगळून नुसते टाइप पुसले तर ती चूक दिसत नाही. ‘डिक्लेअर’ हा शब्द फील्डाआधी लावणे हा त्यावरचा उपाय.

रोलअप : २०१५ मध्ये रिच हॅरिस यांनी सुरू केलेल्या या बंडलरसाठी जवळजवळ एकाच नावाची प्लगिने आहेत. मूळ प्लगिन वेगवान होते, पण टाइपांच्या अर्थविषयक चुका सांगत नसे. त्यामुळे नावाला २ हा आकडा जोडलेले दुसरे पुनर्लेखन झाले. ते काहीसे मंद, परंतु चुका छापणारे. पुढे मूळ प्लगिन रोलअपच्या अधिकृत संचात गेले. अधिकृत प्लगिनसोबत टीएसलिब हे छोटे ग्रंथालय बसवावे लागते, म्हणजे साहाय्यक फंक्शने प्रत्येक फाइलीत पुन्हा पुन्हा न येता एकदाच येतात. टाइपांच्या घोषणा-फाइलींचा फोल्डर रोलअपच्या उत्पादन-फोल्डरच्या आत असावा अशी त्याची अट आहे. टाइपस्क्रिप्टऐवजी बॅबेलचे प्लगिन वापरल्यास टीएस व टीएसएक्स हे विस्तार स्वतः सांगावे लागतात, कारण मूळ यादीत ते नाहीत.

फ्लो : फेसबुकने नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही टाइपपद्धती. तिचा तपासनीस ओकॅमलमध्ये लिहिलेला आहे आणि तो जावास्क्रिप्ट उत्पन्नच करत नाही. त्यामुळे तपासणी व रूपांतर यांची फारकत येथे पहिल्यापासून आहे. टाइप काढण्याचे काम बॅबेलचा फ्लो प्रीसेट किंवा फ्लो-रिमूव्ह-टाइप्स हे साधन करते.

अलीकडील स्थिती : २०२० मध्ये इव्हान वॉलेस यांनी गो भाषेत लिहिलेला ईएसबिल्ड आला. तो टाइपस्क्रिप्ट स्वतःच वाचतो, तपासत मात्र नाही. व्हीट या बांधणी-साधनानेही आरंभीच्या काळात रूपांतरासाठी त्याचाच आधार घेतला आणि टाइपांची तपासणी स्वतंत्र आज्ञेवर सोडली. अशा बंडलरात वेगळे प्लगिन लागत नाही. राहते ती टीएसकॉन्फिगमधील काही ओळींची काळजी. नोडच्या २२.६ आवृत्तीत, ऑगस्ट २०२४ मध्ये, टाइप पुसून फाइल चालवण्याची सोय प्रायोगिक म्हणून आली आणि जानेवारी २०२५ मधील २३.६ मध्ये ती आपोआप चालू राहू लागली. टाइप हे निव्वळ टिप्पणीसारखे मानावेत हा मानक समितीपुढील प्रस्ताव मार्च २०२२ मध्ये पहिल्या टप्प्यावर पोहोचला. टाइपस्क्रिप्ट ५.८ मधील ‘इरेझेबलसिंटॅक्सओन्ली’ हा पर्याय ईनम, नेमस्पेस यांसारखी पुसून न जाणारी रचना नाकारतो. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपायलर गो भाषेत नव्याने आणण्याचे जाहीर केले. टीएस-लोडरसारखी साधने जुन्या कंपायलरची जावास्क्रिप्ट फंक्शने थेट हाक मारून चालतात, त्यामुळे नव्या कंपायलरशी त्यांना वेगळ्या मार्गाने बोलावे लागेल.