पंपावर इंजिन बंद करायला मन धजत नाही?

नमस्कार. परळच्या आमच्या दुकानात बॅटरीची आणि गाडीच्या वायरिंगची कामं होतात. मग पेट्रोल पंपाबद्दल पत्रक आम्ही का छापलं? कारण पंपावर इंजिन चालू ठेवणारे आमचे बहुतेक ग्राहक बेफिकीर नाहीत. विचारलं की हळूच सांगतात, "बंद केली तर परत चालू होईल याचा भरवसा नाही हो." मागे रांग, हॉर्नवर हॉर्न, गाडीत म्हातारी आई. ही धास्ती खरी असते. पण अशी गाडी पंपावर चालू ठेवायची नसते, दुरुस्त करायची असते, आणि बऱ्याचदा ते काम लोकांना वाटतं त्याहून खूप छोटं निघतं.

टाकीच्या तोंडाशी काय चाललेलं असतं

काटा खाली आला म्हणून टाकी रिकामी होत नाही. उरलेली जागा पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. तुम्ही 30 लिटर पेट्रोल भरता, तेव्हा जवळजवळ तेवढीच वाफमिश्रित हवा बाहेर ढकलली जाते. भर दुपारी नोझलभोवती हवा थरथरताना दिसते, ती हीच. उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे आपल्या मुंबईत जानेवारीच्या पहाटेसुद्धा ती असतेच. ती हवेपेक्षा जड असते. वर उडून जात नाही, खाली उतरून जमिनीलगत पसरते, म्हणजे नेमकी गाडीच्या पोटाखाली, जिथे सायलेन्सर तापलेला असतो. हवेत या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असलं, की एक बारीकशी ठिणगी पुरते.

बहुतेक वेळा काहीच होत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. इंजिन चालू ठेवलं म्हणून टाकीचा स्फोट होतोच असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. पण आम्ही रोज बॉनेट उघडतो आणि आत काय असतं ते पाहतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, तडकलेली प्लगची केबल, हाताने हलवली तर हलणारा बॅटरीचा टर्मिनल. चालू इंजिनात या प्रत्येक ठिकाणी ठिणगी पडू शकते, आणि गाडीच्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पंपावरचा माणूस "साहेब, गाडी बंद करा" म्हणतो तेव्हा त्याच्यावर कृपया चिडू नका. पंपाला परवाना पेट्रोलियम नियम, 2002 खाली मिळतो, नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही सरकारी संस्था तो देते, आणि दिवसभर त्या वाफेत उभा असतो तो तोच माणूस.

डिझेल गाडीवाले म्हणतात, डिझेल असं पेटत नाही. बरोबर आहे, पेट्रोलइतकं सहज पेटत नाही. पण शेजारच्या नोझलवर कोणीतरी स्कूटरमध्ये पेट्रोल भरत असतं ना?

दुचाकीवाल्यांनी जास्त जपावं. मोटारसायकलची टाकी थेट तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर असते. उतरून उभे राहा, काठोकाठ भरायला सांगू नका, आणि सांडलंच तर तिथे बटण न दाबता गाडी ढकलत बाजूला न्या, पुसून घ्या, वाळू द्या.

एका काकांची गाडी

गेल्या पावसाळ्यात आमचे एक जुने ग्राहक आले. महिन्यापूर्वीच दुसरीकडून नवी बॅटरी बसवलेली, तरी गाडी कधी चालू होई, कधी नुसतीच "टक" करून गप्प बसे. पंपावर त्यांनी इंजिन बंद करायला नकार दिला, वादावादी झाली, शेवटी बंद केलं आणि व्हायचं तेच झालं. चौघांनी धक्का मारून गाडी रस्त्यावर आणली.

आम्ही मीटर लावला. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. सेल्फ मारताना तिच्या टोकांवर 11 व्होल्ट टिकत होते, तेही चांगलं. पण प्रत्यक्ष सेल्फला पोचत होते जेमतेम 8. मधले 3 व्होल्ट गेले कुठे? मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवली आणि काकांना चावी फिरवायला सांगितली. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा होता, तो जवळपास 3 वर गेला. अर्थिंगची पट्टी, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी जाड वायर, बॉडीला जिथे बोल्टने घट्ट बसते, तिथे हिरवी-पांढरी पूड साचली होती. खारी हवा आणि पावसाचं पाणी, मुंबईत हे फार होतं. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवी लग (धातूची कडी) बसवली, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. वीस मिनिटं लागली. बॅटरीवर घातलेले पैसे मात्र वाया गेले होते, आणि याचंच आम्हाला फार वाईट वाटतं. मीटर न लावता बॅटरी बदलू नका. आमच्याकडेसुद्धा नाही. या तपासणीचे आम्ही पैसे घेत नाही.

सकाळी एका दमात, पंपावर मात्र अडते

ही तक्रार वेगळी आहे. तासभर ट्रॅफिकमधून आलेली तापलेली गाडी पाच मिनिटं बंद केली, की बॉनेटखालची उष्णता काही वेळ उलट वाढते, कारण पंखा आणि पाणी दोन्ही थांबलेलं असतं. जुना सेल्फ तापला की जड फिरतो. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा भाग) कमजोर झाला असेल तर गरम असताना दगा देतो आणि गार झाला की शहाण्यासारखा वागतो. बॅटरी कमजोर असेल तर तीही इथेच उघडी पडते. दादर ते वरळी एवढंच रोजचं अंतर, त्यात एसी, हेडलाइट, वायपर. बॅटरीतून जेवढं जातं तेवढं परत भरतच नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून कमी असतील तर दोष बहुधा अल्टरनेटरकडे (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा भाग) किंवा त्याच्या पट्ट्यात.

सीएनजीवाल्यांसाठी

सिलिंडरमध्ये गॅस सुमारे 200 बार दाबाने भरतात. टायरमधल्या हवेच्या जवळपास नव्वदपट. म्हणून इंजिन बंद, आणि गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं, झोपलेल्या लहान मुलालाही घेऊन. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, चुकवू नका.

रांगेत गाडी चार फूट सरकवायला दरवेळी सेल्फ मारणं बॅटरीच्या जिवावर येतं. पुढे दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच सरका. सपाट जागा असेल आणि सोबत कोणी असेल तर न्यूट्रलला ढकला.

आणखी एक, जे फार थोड्यांना ठाऊक असतं. बऱ्याच सीएनजी गाड्या चालू पेट्रोलवर होतात आणि नंतर गॅसवर जातात. पेट्रोल वाचवायला टाकी कोरडी ठेवली तर गाडी चालू व्हायला त्रास देते, शिवाय टाकीतला पंप त्या पेट्रोलनेच गार राहतो, तो जळतो. पाच-सात लिटर कायम ठेवा.

नव्या गाड्यांचं

सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्या आणि हायब्रिड गाड्या पंपावर शांत असतात, पण बंद नसतात. ब्रेकवरचा पाय उचलला किंवा एसीला गरज पडली की इंजिन आपणहून सुरू होतं, तेही नोझल टाकीत असताना. बटण दाबून गाडी पूर्ण बंद करा, डॅशबोर्ड विझलेला पाहा. मे महिन्यात एसीविना तीन मिनिटं जड जातात हे कबूल. काचा खाली करा. आणि नोझल निघून झाकण लागेपर्यंत चालू करू नका.

नोझलपाशी कधी जाळ दिसलाच तर नोझल ओढून काढायला जाऊ नका, पेट्रोल आणखी उडतं. माणसं लांब न्या आणि पंपाच्या माणसाला ओरडून सांगा, पुरवठा तोडायचं बटण त्याला माहीत असतं.

आमच्याकडे येताना

गाडी अडते तेव्हा गार असते की गरम, सेल्फ मारल्यावर एकच "टक" येतं, लागोपाठ टकटक येतं की इंजिन फिरतं पण पकडत नाही, आणि त्या वेळी हेडलाइट मंद होतात का, एवढं लक्षात ठेवून या. यावरून अर्धं निदान होतं. गरम असताना अडणारी गाडी असेल तर निदान अर्धा तास चालवून थेट आणा. रात्रभर दारात उभी राहिलेली गाडी सकाळी आमच्यासमोर पहिल्या झटक्यात चालू होते, आणि मग आम्हाला शोधायला काही उरत नाही.