राक्षस कोणी बनवला? आधी मीटरवरची कुंभारीण बघा

इंदूरच्या सराफ्यात रात्री बारा वाजता भुट्ट्याचा कीस खाता खाता आमच्याकडचे दोघं भाऊ भांडत होते, विषय काय तर 'एलियन' सिनेमातला तो डबल जबड्याचा प्राणी आला कुठून. मंदारदादाचं म्हणणं एकदम सोपं, याच मालिकेतल्या २०१७ च्या 'कव्हनंट'मध्ये दाखवलंय ना, डेव्हिड नावाच्या रोबोटनं काळ्या द्रवावर प्रयोग करून तो घडवला, विषय संपला. ओंकार म्हणे, भिया मग १९७९ च्या पहिल्या पिक्चरमध्ये परग्रही जहाजात खुर्चीवर तो अवाढव्य सांगाडा असतो, छाती आतून फुटलेली, आणि त्यातली माणसंच बोलतात की याचा दगड झालाय, त्याचं काय? कथेत 'कव्हनंट' आधी घडतो, पण दोन्हीत अंतर फक्त १८ वर्षांचं, तेवढ्यात दगड होतो का कोणाचा?

मी ओंकारच्या बाजूनं, पण माझं कारण वेगळंय. असा प्राणी बनवायला कोणी लागतच नाही. आमच्या रामबागेतल्या घरी तो लाईटच्या मीटरवर राहतो.

कुंभारीण माशी हो. मातीचं छोटंसं गाडगं करते ती. मी त्यातलं एक पेचकसनं फोडलं तर आत सहा हिरव्या अळ्या कोंबलेल्या, मेलेल्या नाहीत, काडी लावली की नुसत्या किंचित वळवळतात, आणि वर छताला केसाएवढ्या धाग्यानं लोंबकळणारं एक अंडं. नांगी मारून अळ्या लुळ्या करायच्या म्हणजे माल सडत नाही आणि पिल्लाला ताजं जेवण. तिच्या लांबच्या नातलग तर जिवंत अळीच्या अंगातच अंडी घालतात, पिल्लं आतून पोसतात आणि कातडी फाडून बाहेर येतात, म्हणजे छाती फोडायचा सीन जसाच्या तसा. त्यातल्या काही जणी अंड्यांसोबत एक व्हायरसही टोचतात, तो अळीची प्रतिकारशक्तीच बंद पाडतो. हा व्हायरस माशीच्या स्वतःच्या जीन्समध्येच बसलेला असतो, साधारण १० कोटी वर्षांपासून. काळा द्रव म्हणा हवं तर, फक्त बाटली भरणारा कोणी नाही.

१९८६ च्या दुसऱ्या भागात दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉननी अंडी घालणारी राणी आणली तेव्हा, परजीवीला राणी कशी, म्हणून लोक कुरकुरले. पण मधमाश्या आणि मुंग्या अशाच परजीवी माश्यांच्या वंशातल्या आहेत, म्हणजे कॅमेरॉनचं चुकलं नाही. डबल जबडाही खोटा नाही, मोरे ईल माशाच्या घशातला दुसरा जबडा पुढे येऊन भक्ष्य आत ओढतो हे २००७ मध्ये कळलं, पिक्चर येऊन २८ वर्षं झाल्यावर. खटकतं एवढंच की पिल्लू काही तासांत माणसाहून उंच होतं, न खाता, वजन काय हवेतून येतं?

पहिल्या पिक्चरमधून एक सीन कापलेला, २००३ च्या आवृत्तीत परत घातला, त्यात पकडलेल्या माणसाचंच हळूहळू अंडं होत असतं. हे मी घरी सांगितलं तर आजी म्हणाली, मग बरोबर आहे की, अळी कुंभारणीला भिऊन भिऊन, तिचाच ध्यास घेऊन कुंभारीण होते, संतांनी सांगितलंय. मी म्हटलं अगं आजी, होत नाही, खाल्ली जाते. दुसरं न फुटलेलं गाडगं तिच्यासमोर भोकं पाडलेल्या डबीत ठेवलं. तीनेक आठवड्यांनी सकाळी डबीत गुणगुण, मातीला गोल भोक आणि शेजारी नवी कोरी कुंभारीण.

आजीनं चष्मा पुसून बघितलं नि म्हणाली, "झाली ना?"