बॉम्बे हायच्या जुन्या विहिरींना नव्या फांद्या

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, ७५-८० मीटर पाण्यात बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र आहे. कागदोपत्री आता मुंबई हाय, पण जुनं नाव लोकांच्या तोंडून जात नाही. तिथलं तेल काढत राहण्याचा मोठा भार आज साइडट्रॅकवर आहे. साइडट्रॅक म्हणजे जुन्याच विहिरीच्या पोटातून बाजूला नवी वाट काढणं.

ही युक्ती जन्मली नाइलाजातून. खोदताना पाइप तुटून तळाशी अडकला (रिगवर, म्हणजे खोदकामाच्या यंत्रावर, त्याला 'फिश' म्हणतात) आणि निघेना, तर वर सिमेंट भरून बाजूने जायचं. बिट, म्हणजे खडक कापणारं टोक, वळावं म्हणून विहिरीत पाचर सोडत, तीच व्हिपस्टॉक. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीचला लोकांनी किनाऱ्यावर बसून समुद्राखालचं तेल तिरक्या विहिरींनी ओढलं, तेही चोरून! पण १९३४ मध्ये टेक्सासच्या कॉनरोत बेकाबू झालेली विहीर जॉन ईस्टमन यांनी शेजारून तिरकी विहीर नेऊन आवरली, तेव्हा या विद्येला मान मिळाला. तिकडे सोव्हिएत संघात अलेक्झांडर ग्रिगोर्यान यांनी १९५३ मध्ये बश्कीर प्रदेशात एकाच विहिरीला ९ फांद्या काढून दाखवल्या.

बॉम्बे हायचा माग लागला तोही एका सोव्हिएत जहाजाच्या सर्वेक्षणातून, १९६० च्या दशकात. १९७४ मध्ये जपानी बनावटीच्या 'सागर सम्राट' रिगने तिथे तेल गाठलं आणि २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. ऐंशीचं दशक सरताना ते वर्षाला २ कोटी टनांच्या घरात होतं. मग उतरण लागली. इथला चुनखडीचा खडक थराथरांचा, प्रत्येक थराची तऱ्हा वेगळी. दाब टिकवायला सोडलेलं पाणी सोप्या थरांतून पुढे पळतं आणि विहिरीत तेलाऐवजी तेच येऊ लागतं. अवघड थरांतलं तेल मात्र जागीच राहतं.

ते काढायला नव्या विहिरी का नाहीत? कारण जागा. विहिरींची तोंडं जिथे असतात त्या वेलहेड प्लॅटफॉर्मवर विहिरींचे स्लॉट, म्हणजे जागा, मोजकेच असतात आणि नवा प्लॅटफॉर्म उभा करणं म्हणजे मोठा खर्च. म्हणून २००० च्या सुमारास ओएनजीसीने पुनर्विकास हाती घेतला, तेव्हा नव्या प्लॅटफॉर्मांच्या जोडीला जुन्या स्लॉटमधून आडवे साइडट्रॅकही काढले.

काम नाजूक आहे. पाचर ठरलेल्या खोलीवर, ठरलेल्या दिशेला तोंड करून केसिंगमध्ये, म्हणजे विहिरीच्या अस्तराच्या पाइपात, पक्की बसवतात. तिचा उतार जेमतेम दोन-तीन अंशांचा. वजन टाकलं की बोल्ट तुटतो, मिल, म्हणजे पोलाद कापणारं हत्यार, मोकळी होते आणि पाचरीवरून घसरत पोलादी केसिंगला खिडकी पाडते. पोलादाचा कीस मडबरोबर, म्हणजे विहिरीत फिरवत ठेवलेल्या चिखलासारख्या द्रवाबरोबर, वर येतो. वाटेतल्या लोहचुंबकांना चिकटलेला हा कीस खरवडून तोलतात आणि खिडकी किती कापली गेली त्याचा अंदाज बांधतात. हजारो फूट खाली डोळ्यांनी कोण बघणार!

त्यातून ड्रिलिंग सेवांचा पसाराही वाढला. मडच्या जोरावर बिट फिरवणारी मड मोटर हवी, खोदता खोदता दिशा कळवणारी उपकरणं हवीत, मडचा जाणकार वेगळा, खिडकी कापणारा वेगळा. एक कंपनी रिग भाड्याने देते, दुसऱ्या तिच्यावर आपली माणसं आणि हत्यारं पाठवतात. माझ्या मते या व्यवसायातली खरी चढाओढ आता रिगच्या आकारापेक्षा या जाणकारीची आहे. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने याच क्षेत्रासाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक सेवेकरता निवडलं.

अडचण एकच, आणि ती साधी भूमितीची. ९ ५/८ इंची केसिंगमधून खिडकी पाडली तर पुढचं भोक साडेआठ इंची मिळतं. त्यात ७ इंची पाइप बसवला, तर त्याच्या पुढे सहा इंचांच्या आसपास. दर फांदीगणिक वाट अरुंद होत जाते, आणि त्याच स्लॉटमधून पुन्हा वळायचं झालं तर बिट, मोटर, पाचर सगळंच आणखी बारीक लागतं.